काठीचं रबर

पंक्चरवाला यायला अजून वेळ आहे. रस्त्याला दिवा नाही, मागे कार्पेटचे रोल भरलेत, टेम्पो सोडून जाता येत नाही. तेव्हा बसा केबिनमध्येच. काच वर घ्या.

आणि मघाशी गोडाऊनवर तुम्ही दोघं जे खिदळत होतात ना, की ताई लॅमिनेट बसवते, दारं तासते, टाइल कापते, पण कार्पेटला हात लावत नाही, फार नखरे आहेत बाईचे… ते तिच्यासमोर बोलू नका. नखरा नाही तो. तिनेच मला सांगितलंय सगळं, एकदा, असंच रात्री गाडीत बसून. आणि शेवटचं जे आहे ते मी स्वतः जाऊन पाहिलंय.

भुताची गोष्ट आहे. पण आधीच सांगतो, हिच्यात वाईट कोण ते शोधायला भुतापर्यंत जावं लागत नाही. मी म्हातारा आहे म्हणून मला बोलायचा हक्क आहे. म्हाताऱ्यांचं सगळं खरं मानू नका. केस पिकले की माणूस शहाणा होतो असं नाही, नुसता खोटं सफाईने बोलायला लागतो.

ताईचं घर दुमजली. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक खोली तिच्या बाबांची, एक काका-काकूंची. वर एकच मोठी खोली. ती आजीची. आई लहानपणीच गेली, त्यामुळे पोरगी आजीच्या अंगाखांद्यावर वाढली. पुढे आजीला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डोकं शाबूत होतं, डोळे टक्क उघडे, पण तोंडातून शब्द निघेना. राहिली फक्त डाव्या हातातली काठी. काठी हीच तिची जीभ. एकदा ठोकली की पाणी. दोनदा, बाथरूमला जायचंय. तीनदा, कुणीतरी या. ठक्, ठक्, ठक्. जमीन साधी सिमेंटची, ठोकलं की आवाज खाली हॉलच्या छतातून यायचा आणि पोरगी दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळायची.

मग पोरीने कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाला. का सोडलं ते तिला विचारा, मला विचारू नका. पण घरात जणू कुणी मेलं. काका म्हणाले, घराण्याचं नाक कापलं. त्या दिवसापासून ते तिला 'मॅडम' म्हणायला लागले. मॅडम जेवल्या का, मॅडम उठल्या का. बाबा काहीच म्हणाले नाहीत. बाबा कधीच काही म्हणायचे नाहीत. लोक त्याला शांत स्वभाव म्हणायचे. शेवटी, डोकं ठिकाणावर येऊ दे, असं म्हणून पोरीची रवानगी लांबच्या गावी मावशीकडे झाली.

आता जिना चढायचा कुणी? काकूंचे गुडघे. काकांचं बीपी. बाबांना सकाळी लवकर ऑफिस. आणि वरून रात्री-अपरात्री ठकठक. मग काकांनी उपाय काढला. आजीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट, खाली चांगला जाड फोम. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, आईचे पाय गार पडतात हो. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा.

कळलं ना काय केलं ते? बाईला बोलता येत नव्हतं. जे काय बोलत होती, त्याच्याखाली फोम घातला.

पोरगी मधे एकदा येऊन गेली. पाहते तर काठीचं रबर कार्पेटच्या लोकरीत अडकतंय, आजी ठेचकाळतेय. तिने ब्लेड घेऊन त्या रबराची एक बाजू तासून दिली. एका बाजूने चावा घेतलेल्या बिस्किटासारखं झालं ते. आजीने काठी हातात घेतली, तीनदा टेकवली. आवाज नाही. परत टेकवली. आणि मग नुसती पोरीकडे बघत राहिली. पोरगी तडक खाली गेली. काका म्हणाले, "अगं बेल आणतोय ना. वायरलेस. सांगून ठेवलंय दुकानात."

बेल काही आली नाही. फोन आला. आजी गेली. झोपेतच गेली, अगदी शांत, चेहऱ्यावर काय समाधान होतं म्हणून सांगू. हे काकू सांगत होत्या. सगळ्यांना, याच शब्दांत.

वर्ष गेलं. पोरगी घरी परतली. एक दिवस ठरलं की वरची खोली भाड्याने द्यायची. डॉक्टर नवरा-बायको, रविवारी सकाळी बघायला येणार. काकू म्हणाल्या, कार्पेट बघून नाक मुरडतील, वासही येतो त्याला. तर ते काढून लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट टाकायचं. काकांनी सकाळच्या चहाला पोरीच्या पुढ्यात कटर ठेवला.

"मॅडम, घरीच बसलाय तर एवढं कार्पेट फाडून ठेवा. मजुराला कशाला बोलवायचं."

पोरगी गेली. काम तिला आवडायचं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कोपऱ्यात कटर घालायचा, कड धरायची, ओढायचं. भिंतीलगतच्या खिळ्यांच्या पट्ट्यांवरून कार्पेट कर्रकन सुटतं. खाली पिवळा फोम. पलंग असायचा त्या बाजूने सुरुवात करून ती दाराकडे येत गेली. फोम सगळीकडे सारखा, बोट दाबलं की दबणारा.

दारापाशी नव्हता.

दारापासून थोडं आत, तळहाताएवढ्या जागेत, फोमचा नुसता भुगा झाला होता. पिवळं पीठ. खालचं सिमेंट दिसत होतं. आणि वरच्या कार्पेटला तिथे आतून खड्डा. पोरगी बघत बसली. मग काय मनात आलं, ती आडवी झाली. डाव्या कुशीवर, डोकं दाराकडे. डावा हात लांब केला.

हात बरोबर त्या भुग्यावर पडला.

त्या जागेवरून दाराची फट दिसते. फटीतून जिन्यातला उजेड दिसतो. खाली लोक जागे आहेत, हे कळतं.

दुपारी जेवताना तिने विचारलं, "आजी कुठे सापडली?"

"सापडली म्हणजे?" काकू म्हणाल्या. "पलंगावर. झोपेत…"

"दारात पडली होती ती. पडल्या पडल्या काठी ठोकत होती. फोमचं पीठ झालंय. वर चला, दाखवते."

काका घास चावत राहिले. "जुना फोम असाच होतो. भुगा पडतो त्याचा."

"एकाच जागी?"

"मॅडम कॉलेजात शिकल्या असत्या तर कळलं असतं," काका म्हणाले.

"बाबा?"

बाबांनी भात संपवला. ताट उचललं. धुवायला गेले.

"गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढायचं," काकू म्हणाल्या. "आम्हाला दुःख नाही का?"

पोरगी उठली. वर धावली. तर काय, ती आत स्वयंपाकघरात जेवायला बसली तेवढ्यात भंगारवाला येऊन गेला होता. काकांनीच फोन करून बोलवला होता आधी. कार्पेट गेलं, फोम गेला, काठी तर पूर्वीच पलंगाबरोबर गेली होती. खोली झाडून स्वच्छ. दाखवायला हातात चिमूटभर पीठही उरलं नाही. आता फक्त माणसं उरली होती. तिला एवढंच हवं होतं की तिघांतल्या एकाने तरी तोंडाने म्हणावं, हो, ती दारात होती. बास. रविवारी भाडेकरू आले, त्यांचं कपाट त्या जागेवर लागलं, की मग कुणी कधीच म्हणणार नव्हतं.

लॅमिनेट आपल्याच दुकानातून गेलं. आपला जुना फिटर गेला होता, पोरगी त्याच्या हाताखाली लागली. त्याने विचारलं, "साहेब, खाली पातळ फोम टाकतात. नाही टाकला तर ढोलासारखं वाजेल."

काका म्हणाले, "फोम नको."

"अहो, सगळेच टाकतात…"

"एकदा सांगितलं ना. या घरात फोमचं नाव नको. खाली आम्हीच राहतो, आम्हाला चालेल."

बघा आता. ज्याने आवाज दाबायला फोम टाकला, त्यानेच हट्टाला पेटून तो नाकारला. फिटरने खांदे उडवले. पट्टीत पट्टी अडकवत, रबरी हातोडीने ठोकत, शनिवारी संध्याकाळपर्यंत फरशी पुरी झाली. दिसायला सागवान. टाच टेकवली की पोकळ आवाज.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. रात्रीचे पावणेबारा. चंद्र नव्हता. वारा नव्हता. वरच्या खोलीला बाहेरून कडी, आत एकही वस्तू नाही. खाली हॉलमध्ये चौघं. कुठलीतरी मॅच चालली होती. काका त्यांच्या खुर्चीत, हातात रिमोट. काकू सोफ्यावर डुलक्या घेतायत. बाबा कोपऱ्यात पेपर घेऊन. पोरगी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून नखातला गोंद काढत होती.

ठक्.

ठक्.

ठक्.

काकूंचे डोळे उघडले. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

"नवीन आहे," काका म्हणाले. "रात्रीच्या गारठ्याने लाकूड आखडतं. वाजतं थोडं."

"लाकूड नाहीये ते, काका," पोरगी म्हणाली. "लाकडासारखं दिसतं फक्त."

ठक्, ठक्, ठक्.

छताचा दिवा किंचित हलला. काकांच्या खुर्चीच्या अगदी वर. काकांचा अंगठा रिमोटवर सरकला. टीव्हीचा आवाज चढला. समालोचक ओरडायला लागला, प्रेक्षक ओरडायला लागले. काका नजर न हलवता पडद्याकडे बघत होते.

तो अंगठा पोरीने पाहिला. सराईत होता. पहिल्यांदा सरकणारा अंगठा तसा सरकत नाही.

ती उठली. भिंतीतला प्लग उपटला.

टीव्ही गप्प.

"त्या रात्री पण असंच केलंत," ती म्हणाली.

"नीट बोल. कुणाशी बोलतेयस…" काका म्हणाले.

ठक्. ठक्. ठक्.

"कुणीतरी या म्हणतेय," पोरगी म्हणाली. "तुमची आई आहे. जा ना. मी नाही जात, मला कॉलेजातली अक्कल नाही. तुम्ही जा. काकू, तुम्ही जा, समाधान बघायला."

काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"बाबा."

पेपरामागून बाबा बोलले. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी दुसऱ्यांदा न विचारता.

"कार्पेटमधूनही यायचा," ते म्हणाले.

"काय?"

"आवाज. ठक् असा नाही. धप्… धप्… असा. बारीक. येत होता." त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "पहाटे थांबला."

काका म्हणाले, "गप रे."

बाबा गप्प झाले. सवय होती.

पोरगी म्हणते, त्या क्षणाला तिला भीती वाटतच नव्हती. वरच्या आवाजाची तर नाहीच. तिला फक्त दिसत होतं की तीन धडधाकट माणसं इथे बसली होती. अशीच. याच जागांवर. रात्रभर. आवाज ऐकत. आणि सकाळी वर जाऊन त्यांनी आजीला उचललं, पलंगावर ठेवलं, पांघरूण घातलं, आणि मग फोन केले.

आणि त्यांनी तिला बिनडोक म्हणून मावशीकडे पाठवलं होतं.

वर आवाज चालूच होता. ती जिना चढली. मागून कुणी हाक मारली नाही. जा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

कडी काढली.

दार ढकललं. चार बोटं उघडलं. अडकलं.

आतून काहीतरी टेकलेलं होतं. खाली. जमिनीलगत.

मऊ.

ठोकणं थांबलं.

"आजी," ती म्हणाली. "मी आहे."

काही नाही.

"उशीर झाला गं."

काही नाही… आणि मग काहीतरी घासत सरकल्याचा आवाज. हळू. फार हळू. एका बाजूचं अंग ओढावं तसा. दार सुटलं.

तिने हात घालून बटण दाबलं. उजेड. रिकामी खोली. चार भिंती. नवी कोरी फरशी, चकचकीत. कुणी नाही.

तिच्या पायाशी, अगदी पायाशी…

ठक्.

एकदाच.

पाणी.

पोरगी खाली आली. हॉलमधून गेली. तिघं होते तिथेच, माना खाली घालून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. तिने ग्लास भरला. परत हॉलमधून वर. एकानेही मान वर केली नाही. ग्लास त्या जागेवर ठेवला आणि भिंतीला टेकून बसून राहिली, उजाडेपर्यंत. परत आवाज झाला नाही.

ग्लास तसाच भरलेला होता. पाणी जेव्हा द्यायचं तेव्हा दिलं नाही, तर नंतर कोण पितं?

सकाळी तिने पिशवी भरली. बाबा दाराशी आले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, असं ती म्हणते. ओठ हलत होते. ती थांबली. थांबली बरं का, बराच वेळ. नाही आले शब्द. तशीच आपल्या फिटरकडे गेली आणि म्हणाली, काम शिकवा. तेव्हापासून आपल्याकडे आहे.

भाडेकरू आले होते म्हणे त्या रविवारी. डॉक्टरीणबाई हॉलमध्ये उभ्या राहिल्या, छताकडे बघितलं आणि विचारलं, "इथे वर काय लागलंय?" काकांच्या खुर्चीच्या बरोबर वर, पांढऱ्या छताला, एक गोल काळा ठसा. काकांनी त्याच आठवड्यात छत रंगवून घेतलं. भाडेकरू काही परत आले नाहीत.

इथवरचं मी ऐकलेलं. आता पाहिलेलं सांगतो.

पुढच्या महिन्यात दुकानात ऑर्डर आली. त्याच घरची. वरच्या खोलीला कार्पेट, भिंतीपासून भिंतीपर्यंत. लॅमिनेट काढायचं नाही, त्याच्यावरच टाकायचं. खाली फोम. दुकानात असेल तो सगळ्यात जाड. ऑर्डर ऐकून ताई दुकानाच्या मागे गेली आणि बराच वेळ आली नाही. माल पोचवायला मी गेलो.

दार काकूंनी उघडलं. रोल खांद्यावर घेऊन मी हॉलमध्ये शिरलो. तिचे बाबा कोपऱ्यात बसून टीव्ही बघत होते. टीव्ही बंद होता. मी सहज वर बघितलं, म्हटलं बघू तर खरं. हॉलच्या मधोमध, जिथे खुर्ची असायची तिथे, छत कोरं. नवा रंग. डाग नाही, काही नाही. मला हसूच आलं. म्हटलं पोरीच्या मनाचे खेळ, दुसरं काय.

"खुर्ची हलवली वाटतं," मी आपलं बोलायचं म्हणून बोललो.

"उजेडाला घेतली," काका म्हणाले. खुर्ची लांब खिडकीपाशी होती. ते तिच्यात बसले होते. वर बघत नव्हते. मान अशी आखडून धरली होती, की वर बघायचंच नाही.

म्हणून मग मी बघितलं.

बरोबर त्यांच्या डोक्यावर. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. काळा. रबराचा.

एका बाजूने तासलेला.